गाडीची चमक पुसून नव्हे, धुऊन टिकते

पहाटे साडेपाच-सहाचा सुमार. दूधवाला येऊन गेलेला असतो, पेपरवाला जिने चढत असतो आणि खाली सोसायटीच्या आवारात एक माणूस हातात बादली व खांद्यावर पिवळे फडके घेऊन एकेक गाडी पुसत पुढे सरकत असतो. ठाणे असो, नागपूर असो, इंदूर असो की दिल्लीजवळची एखादी वसाहत, हे दृश्य सगळीकडे सारखेच. आठ वाजता मालक खाली उतरतात. गाडीवर धूळ दिसली नाही की समाधान पावतात आणि कामावर निघून जातात.

असे दोन वर्षे चालते. मग एखाद्या दुपारी कडक उन्हात बॉनेटकडे नजर जाते आणि चेहरा उतरतो. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तशा शेकडो बारीक, गोल रेषा! गडद रंगाची गाडी असेल तर विचारायलाच नको. घरानंतर संसारातली सगळ्यात मोठी खरेदी बहुधा हीच असते. बँकेचे हप्ते अजून फिटायचे असतात आणि रंग मात्र म्हातारा झालेला असतो.

बोल लागतो तो त्या पुसणाऱ्या माणसाला. पण एका बादलीत पंधरा-वीस गाड्या पुसणाऱ्याचा त्यात दोष किती? 'रोज पुसायचीच' हा हट्ट मालकाचा असतो. गाडी खराब होते ती दुर्लक्षाने कमी आणि चुकीच्या मायेने जास्त.

वहीच्या पानाएवढा रंग

हे असे का होते, ते समजायचे तर रंगाची रचना माहीत हवी. कारखान्यातून येणाऱ्या आजच्या गाडीवर साधारण चार थर असतात. पत्र्याला गंजापासून वाचवणारा पहिला थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वात वर पारदर्शक 'क्लिअर कोट'. चारही थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. म्हणजे सगळे थर एकत्र केले तरी जाडी वहीच्या एखाद-दुसऱ्या पानाएवढीच. त्यातला क्लिअर कोट तर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची सगळी चमक याच थरात असते आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचे कामही तोच करतो.

आता धुळीकडे पाहू. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर बसते. खिडकीची काचही त्याच्यापेक्षा मऊ. मग प्लॅस्टिकसारख्या क्लिअर कोटचा काय पाड! कोरडे फडके गाडीवर फिरवणे म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. एका वेळी काही दिसत नाही, पण तीनशे पासष्ट सकाळींचा हिशेब बॉनेटवर उमटतोच.

रेषा गोल का दिसतात, याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळेल. रोज घासणीने घासलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेषा दिसतील. ताट हलवले की त्या रेषाही प्रतिबिंबाबरोबर सरकतील. खरे तर ओरखडे सर्व दिशांनी असतात. त्यातले प्रकाशाला आडवे पडणारे तेवढे चमकतात आणि वर्तुळाचा भास होतो. गाडीच्या रंगावर हेच घडते.

फियाटच्या काळातली सवय

रोज पुसायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी पॉलिश मारायची ही सवय आपल्याकडे आली ती जुन्या गाड्यांच्या काळातून. ॲम्बेसेडर, फियाट म्हणजेच पुढची प्रीमिअर पद्मिनी आणि १९८३ साली आलेली मारुती ८०० यांनी दोन पिढ्यांना गाडीची निगा शिकवली. साध्या रंगांच्या त्या काळातल्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसे. ऊन-पावसाने वरचा रंग खडूसारखा भुरकट होई. लाल गाडी तर चक्क गुलाबी पडे. पॉलिशने तो मेलेला थर घासून काढला की खालून ताजा रंग वर येई. फडक्याला गाडीचा रंग लागे आणि घरातले म्हणत, 'बघा, किती मळ निघाला!' तो मळ नसून रंगच असे. पण थर जाड असल्यामुळे ते खपून जाई.

आजच्या गाडीला तोच न्याय लावला तर फडक्याला काही लागत नाही, कारण निघून जातो तो पारदर्शक थर. तो एकदा फार पातळ झाला की छतावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग पडतात, सालपटे निघू लागतात. अशा वेळी कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तेवढा भाग नव्याने रंगवणे हाच एक उपाय उरतो. म्हणून क्लिअर कोट ही मुदत ठेव समजावी. पुन्हापुन्हा मोडू नये.

धुण्याची योग्य रीत

घरी गाडी धुवायला दीड तास पुरतो. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना काम सुरू करावे. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू वाळतो आणि त्याचे डाग पडतात.

साहित्य फार लागत नाही. दोन बादल्या, गाडीसाठीचा शॅम्पू, अंगासाठी दोन व चाकांसाठी एक वेगळे मायक्रोफायबरचे जाड फडके आणि पुसायला मोठा मऊ टॉवेल. भांड्यांचा साबण वा कपड्यांची पावडर वापरू नये. ती तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेली असते. गाडीवरचे वॅक्सही ती काढून टाकते.

आधी चाके धुवावीत. ब्रेकची काळी भुकटी तिथेच साचते, म्हणून तिचे फडके गाडीच्या अंगाला कधीही लावू नये. मग सर्व गाडीवर वरून खाली पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. फडके लावण्यापूर्वीची ही पायरी सर्वात महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते.

यानंतर दोन बादल्यांचे काम. एकीत शॅम्पूचे पाणी, दुसरीत नुसते स्वच्छ पाणी. फडके शॅम्पूत बुडवून छतापासून सुरुवात करावी. एक भाग झाला की फडके साध्या पाण्यात खळबळून घ्यावे, पिळावे आणि मगच पुन्हा शॅम्पूत बुडवावे. माती दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते, गाडीवर परत जात नाही. हात गोल न फिरवता सरळ रेषेत, हलकेच फिरवावा. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. फडके जमिनीवर पडले तर ते बाजूला ठेवून दुसरे घ्यावे. नुसते झटकून खडे निघत नाहीत.

शेवटी स्वच्छ पाणी सोडून लगेच टिपून घ्यावे. आपोआप वाळू दिले तर पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे ठिपके असेच पडतात. ताजे ठिपके समप्रमाणात पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. गार पत्र्यावर ओले फडके दोन मिनिटे ठेवून, पुसून, लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.

पाणी कोणाच्या वाट्याचे?

नळी मोकळी सोडून गाडी धुणे ही चैन आता परवडणारी नाही. साध्या नळीतून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटे नळी चालू राहिली तर १०० ते १५० लिटर. शहरात माणशी दररोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका गाडीच्या आंघोळीत एका माणसाचे दिवसभराचे पाणी गेले.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. मार्च २०२४मध्ये बंगळूरमध्ये टंचाई पडली, तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना ५००० रुपये दंड जाहीर झाला. बादलीने नीट धुतले तर तीन-चार बादल्यांत गाडी निघते. सुरुवातीची धूळ उडवायला बागेत फवारणीसाठी वापरतात तसला हातपंप उत्तम. मात्र तो नवा घ्यावा, औषध भरलेला नको. टंचाईच्या दिवसांत गाडी धुळकट राहू द्यावी. धूळ नुसती बसून राहिली तर ओरखडे पडत नाहीत. पडतात ते ती कोरडी घासल्याने.

हात फिरवून पाहा

गाडी धुऊन, पुसून झाली की एक गंमत करून पाहावी. हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बोटे बॉनेटवरून अलगद फिरवावीत. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा बोटांना रव्यासारखा खरखरीत लागेल. हे डांबराचे, झाडाच्या चिकाचे, कारखान्यांच्या धुराचे आणि लोखंडाचे रुतलेले कण. धुण्याने ते निघत नाहीत.

त्यांच्यासाठी 'क्ले बार' नावाची मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी मिळते. पत्र्यावर शॅम्पूचे पाणी शिंपडून ती अगदी कमी दाबाने पुढेमागे सरकवावी. कण वडीला चिकटून येतात. वडी मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी. कोरड्या पत्र्यावर ती कधीही घासू नये. हे काम वर्षातून एकदा-दोनदा पुरे.

पॉलिश घासते, वॅक्स झाकते

दुकानातल्या डब्या पाहून अनेकांचा गोंधळ होतो, कारण बोलताना आपण सगळ्यालाच पॉलिश म्हणतो. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी चूक होणार नाही: पॉलिश घासते, वॅक्स झाकते.

पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारे कण असतात. ते ओरखड्याच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट करतात. 'रबिंग कंपाउंड' त्याच जातीचे, पण जास्त खरखरीत. वॅक्समध्ये घासण्याचा गुण नसतो. त्याचा पातळ पापुद्रा ऊन, पाणी आणि घाण यांना थोपवून धरतो. त्यामुळे क्रमही ठरलेला: आधी धुणे, मग गरज असेल तरच पॉलिश, आणि शेवटी वॅक्स.

ओरखडा पॉलिशने जाईल का, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. त्यावर पाण्याचे बोट फिरवावे. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला तर तो बहुधा वरच्या थरातच आहे. त्यावरून नख आडवे फिरवल्यावर अडकले, तर मात्र तो खोल आहे. घासत बसू नये, गॅरेजवाल्याला दाखवावे.

घरी पॉलिश हातानेच करणे बरे. फोमच्या चकतीवर वाटाण्याएवढे पॉलिश घ्यावे आणि साधारण दोन फूट लांब-रुंद भागात मध्यम दाबाने फिरवावे. डब्यावरील सूचनेनुसार पुसून घ्यावे आणि मग पुढचा भाग घ्यावा. पत्र्याच्या कडा आणि उंचवट्याच्या धारा यांच्यावर दाब देऊ नये; तिथे रंग सर्वात पातळ असतो. मशीनचा मोह तर नवख्याने टाळलेलाच बरा. चुकीच्या हातात ते एका जागी काही क्षण थांबले तरी रंग जाळू शकते. वर्षातून एका वेळेपेक्षा जास्त पॉलिश सहसा लागत नाही.

वॅक्स मात्र दोन-तीन महिन्यांनी खुशाल करावे. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असते. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते तयार होते. कडक उन्हाळ्यात पानातले पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःवरच हा लेप चढवते. पाने वाळवून, झोडपून तो वेगळा करतात. सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारे हे मेण नैसर्गिक मेणांमध्ये फार कठीण मानले जाते. झाडाला जे उन्हापासून वाचवते तेच आपल्या गाडीलाही वाचवते.

वॅक्स लावताना हात सैल हवा आणि थर इतका पातळ, की लावला आहे की नाही असा प्रश्न पडावा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना दंड मात्र भरून येतात. धुरकट पापुद्रा दिसू लागला की स्वच्छ फडक्याने उचलून घ्यावा. काळ्या प्लॅस्टिकच्या भागांवर वॅक्स लागू देऊ नये, पांढरे डाग पडतात. वॅक्स टिकून आहे का, हे पहिला पाऊसच सांगतो. पाणी मोत्यांसारखे गोळा होऊन ओघळले तर टिकून आहे. सपाट पसरून बसले तर पुन्हा लावायची वेळ झाली.

नव्याने रंगवून आणलेल्या भागाला मात्र महिना-दीड महिना वॅक्स लावू नये. त्या रंगातली द्रावके आधी उडून जावी लागतात. कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तिला ही अडचण नाही. मॅट रंगाच्या गाडीला साधे पॉलिश किंवा वॅक्स मुळीच लावू नये. सिरॅमिक कोटिंग वॅक्सपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकते, पण त्यानेही ओरखडे पडायचे थांबत नाहीत. ते केलेल्या गाडीलाही कोरडे फडके वर्ज्यच.

झाडे, पाखरे आणि सणवार

सावलीसाठी गाडी झाडाखाली लावली जाते आणि तिथेच घात होतो. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असते. उन्हात रंग मऊ पडतो आणि डाग कायमचा उमटतो. ती नखाने खरवडू नये. ओले फडके पाच-दहा मिनिटे ठेवून मऊ झाल्यावर वरच्या वर उचलावी. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो. जांभळाच्या दिवसांत जांभळे डाग पडतात. हे त्याच दिवशी धुतले तर पाण्याने जातात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेचा मारा असतो. तिथे चाकांच्या वरच्या कमानी आणि गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे चमकीपेक्षाही महत्त्वाचे.

धुळवडीला कोरडा रंग उडाला तर हाताने झटकू नये, पाण्याने वाहून जाऊ द्यावा. आधी वॅक्स केलेले असेल तर काम निम्मे होते. गाडीवर कव्हर घालायचे तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच. धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलते आणि दिवसभर गाडी घासत राहते.

आणि दसरा! गाडीला हार हवाच, पण तो तारेने न बांधता दोऱ्याने बांधावा. वाऱ्याने हलणारी तार एका दिवसात रंगावर चंद्रकोर कोरते. ओल्या कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढावे. पूजेत काही उणे राहत नाही आणि डागही राहत नाही. पावसाळ्याचा चिखल संपलेला असतो, हवा कोरडी असते, म्हणून वर्षाचे पॉलिश करायलाही नवरात्राच्या आधीचा रविवार चांगला. वॅक्सचा एक हात पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस द्यावा.

हे कटाक्षाने टाळा

• रॉकेल किंवा डिझेल मिसळलेल्या पाण्याने गाडी पुसणे. तात्पुरती चकाकी येते, पण वॅक्स जाते, धूळ चिकटते आणि रबर खराब होते.
• पिसांच्या किंवा दोऱ्यांच्या झाडूने रोज धूळ झटकणे.
• भांडी घासायची घासणी अथवा नायलॉनचा ब्रश वापरणे.
• उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी, पॉलिश किंवा वॅक्स लावणे.
• पॉलिश व वॅक्सचे डबे लहान मुलांच्या हाताशी किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवणे.

त्या माणसाशीही बोला

राहता राहिला तो पहाटेचा माणूस. त्याला काढून टाकणे हा उपाय नव्हे. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि काम सांगताना चुकले आपण. एका सकाळी दहा मिनिटे आधी खाली उतरावे. आपल्या गाडीसाठी वेगळी दोन मायक्रोफायबरची फडकी त्याच्या हाती द्यावीत. रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायला सांगावे. बाकीचे दिवस फक्त काचा पुसल्या तरी चालतील. पगार मात्र तोच ठेवावा. काम निम्मे आणि पैसे तेवढेच म्हटल्यावर तोही मन लावून धुतो. शिवाय तीच पद्धत शेजारच्या दोन गाड्यांपर्यंत आपोआप पोचते.

रविवारी मात्र बादली आपण उचलावी. मुलांना छत पोचत नाही, पण दारे आणि दिवे त्यांच्या वाट्याला द्यावेत. कोणता ओरखडा कुठल्या प्रवासात पडला, हे मुलांना बरोबर आठवते. बोलता बोलता दीड तास कसा जातो, कळत नाही. आणि कामाच्या शेवटी बॉनेटमध्ये वाकून पाहिले, की घामेजलेले चार चेहरे त्यात स्पष्ट दिसतात. रंग राखला आहे, याची याहून चांगली खूण नाही.